सहाला निघायचं ठरलं होतं

एप्रिल-मेमध्ये सहकुटुंब एका दिवसाची सहल काढणाऱ्या घरांबद्दल माझी तक्रार आहे. त्यात माझं सासर येतं, माहेर येतं आणि ओळखीची बहुतेक घरं येतात. तक्रार उन्हाची नाही. ऊन दर वर्षी याच महिन्यांत पडतं आणि किती पडणार हे आदल्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाइलवर आलेलं असतं. तक्रार निघण्याच्या वेळेची आहे. नदी, डोंगर, कातळ, पक्षी यातलं काहीही उन्हाळ्यात बघायचं तर सकाळी दहाच्या आत बघायचं असतं, आणि आपण तिथे बाराला पोचतो. मग दिवसभर जे जे बिनसतं ते सगळं उन्हाच्या नावावर टाकून मोकळे होतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघोजला गेलो. ठिकाण मीच सुचवलं होतं आणि पुन्हा कोणी विचारलं तरी हेच सुचवेन. पुण्यापासून सुमारे 90 किलोमीटर. घाट नाही, गड चढायचा नाही, लहान मुलांना घेऊन कुठे मुक्काम करायचा नाही. नगर रस्त्याने शिरूर गाठायचं आणि तिथून आत वळायचं. कुकडी नदीच्या एका काठावर शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, दुसऱ्या काठावर पारनेर तालुक्यातलं निघोज. नदी हीच दोन जिल्ह्यांची हद्द. दोन्ही काठांवर मळगंगा देवीचं देऊळ आणि मधल्या काळ्या कातळात नदीने कोरलेले रांजणखळगे. सासूबाईंना देवी, मुलांना पाणी, मोठ्यांना कातळ. सगळ्यांचं काही ना काही भागतं.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी बरेच दिवस आधी लिहिलं होतं, की सकाळी सहाला निघायचं, साडेआठच्या आत पोचायचं आणि दहा-साडेदहाला परत फिरायचं. सगळ्यांनी अंगठे पाठवले. कोणी एकाने जरी लिहिलं असतं की बाई, सहा काही जमणार नाही, तर मी दुसरं काही ठरवलं असतं. उन्हाळ्यात आरामात उठूनही करता येईल असं पुण्यातच पुष्कळ आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात छपराखाली अख्खी दुपार छान जाते. पण आधी नाही म्हणायचं नाही आणि त्या दिवशी वेळेवर उठायचंही नाही, ही आपल्याकडची रीत मला मनापासून खटकते. अंगठा पाठवला म्हणजे शब्द दिला, असं मी तरी धरते.

मी चारला उठले. उन्हाळ्यातल्या सहलीची शिदोरी घड्याळाच्या हिशेबाने करावी लागते. कणीक दुधात भिजवून केलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, त्यांची काळजी नसते. धपाटे आणि लसणाची कोरडी चटणी आठ-साडेआठला नदीकाठी झाडाखाली बसून खायची. दहीभात मात्र नाजूक असतो. भात पूर्ण गार करून त्यात दूध घालायचं आणि विरजणापुरतं चमचाभर दही. निघताना तो दूधभात असतो, चार-पाच तासांनी बरोबर लागतो, आणि त्यानंतर उन्हात राहिला तर आंबून जातो. म्हणजे तो साडेअकराच्या आत संपला पाहिजे. कैऱ्या आदल्या रात्रीच उकडून गर काढून ठेवला होता, पन्हं थर्मासमध्ये भरलं. पावणेसहाला सगळं दाराशी होतं.

नणंद आणि त्यांचे यजमान आदल्या रात्री मुक्कामालाच आले होते, उशीर नको म्हणून. सहा वाजता जावई झोपलेले होते. मी सासूबाईंना म्हटलं, "हाक मारता का जरा?" त्या म्हणाल्या, "झोपू दे गं, आठवडाभर दमतात बिचारे." दीर उठले होते, पण ते पेपर वाचत होते. पेपर गाडीत वाचता येतो. मग चहा झाला. जावई उठल्यावर त्यांच्यासाठी पुन्हा चहा झाला आणि त्यांच्याबरोबर सगळ्यांनीच पुन्हा घेतला. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "आता एवढं झालंच आहे तर पोहे करूनच निघू." आठच्या सुमाराला लक्षात आलं की एका गाडीत पेट्रोल नाही आणि दुसरीच्या एका चाकात हवा कमी आहे. ही दोन्ही कामं आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटांत होतात. आदल्या संध्याकाळी गाडी दारातच उभी होती आणि ती चालवणारे सोफ्यावर बसले होते.

साडेनऊला आम्ही निघालो. वाघोलीच्या कोंडीबद्दल मी काही लिहीत नाही. पुण्यातल्या माणसाला ती सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटणार नाही. सहा वाजता तिथून गाडी सरळ निघून जाते, एवढंच नोंदवते.

पुढे रस्त्यावरच्या एका हॉटेलात गाडी थांबली. पोहे होऊन दीड तासही झाला नव्हता आणि डिकीत धपाटे होते. मी ते सांगितलं. उत्तर आलं, "धपाटे काय, घरीही खातो आपण. नगर रोडला आलोय तर मिसळ नको?" दोन्ही गाड्यांतल्या माणसांना एकदम बसायला टेबलं रिकामी होईपर्यंत थांबलो, मग मिसळ येईपर्यंत थांबलो, मग जादा पाव येईपर्यंत थांबलो. तिखट, गरम मिसळ खाऊन मुलांना तहान लागली, म्हणून त्यांना थंडगार गोड शीतपेयाच्या बाटल्या घेऊन दिल्या. पन्हं थर्मासमध्येच राहिलं. घरून केलेलं नेताना सगळे कौतुक करतात आणि खायच्या वेळी विकतचं घेतात, हे मला कधीच पटलेलं नाही. ते पदार्थ माझ्या हौसेखातर केलेले नसतात. उन्हात पोटाला सोसावेत म्हणून केलेले असतात.

रांजणगाव आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "महागणपतीच्या दारावरून जायचं आणि आत जायचं नाही, हे बरं दिसत नाही." माझीही श्रद्धा आहे. पण अष्टविनायकाच्या देवळात सुटीच्या दिवशी सकाळी रांग असणारच, आणि परतताना संध्याकाळी तोच देव तिथेच असतो. मी तसं म्हटलं. "देवाला आधी, मग फिरणं," एवढंच त्या बोलल्या आणि गाडी वळली. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. दीर आणि जावई यांच्यापैकी कोणी एकाने "आई, येताना जाऊ" म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मुलाचं आणि जावयाचं ऐकतात. दोघेही गप्प बसले, कारण कोणालाच घाई नव्हती. घाई नसणं हा चांगुलपणा समजला जातो. मे महिन्यात तो चांगुलपणा नाही.

खळग्यांपाशी पोचलो तेव्हा साडेबारा होत आले होते. मेच्या मध्याला पुण्याच्या आसपास सूर्य भर दुपारी अगदी माथ्यावर येतो. 13 मेच्या आगेमागे एक दिवस असा असतो की साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. आमच्या सावल्या त्या दिवशी पावलांपलीकडे जात नव्हत्या. दीर मोबाइल बघून म्हणाले, "38 च तर आहे." हा युक्तिवाद मी दर उन्हाळ्यात ऐकते आणि तो चूक आहे. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर ठेवलेला असतो. तो सावलीतल्या हवेचं तापमान सांगतो. आपण उभे होतो काळ्या बेसॉल्टवर, उघड्यावर, सकाळपासून तापलेल्या. हवा 38 अंशांवर असते तेव्हा उन्हातला असा कातळ 50 च्या वर सहज जातो. लहान मुलाचं डोकं त्या कातळापासून किती उंचावर असतं, हे 38 म्हणणाऱ्याने एकदा खाली बसून बघावं.

पायांत काय घालायचं तेही मी लिहिलं होतं. बंद बूट, जाड तळव्याचे. दोन मुलं रबरी स्लिपर घालून आली होती, नणंदेच्या पायात उंच टाचांच्या चपला होत्या. टोपी फक्त माझ्या मुलीकडे होती आणि ती तिच्या चुलत भावाला हवी होती.

माझा सात वर्षांचा भाचा, नणंदेचा धाकटा, एका खळग्याच्या काठाशी माझा हात धरून उभा होता. त्याने विचारलं, "मामी, हे कोणी खणलं?" मला या प्रश्नासाठीच तिथे जायचं होतं. मी सांगायला लागले. हा काळा दगड म्हणजे गार झालेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्याचे थरावर थर पसरले आणि आपलं दख्खनचं पठार झालं. ही नदी तिकडे नाणेघाटाजवळ उगम पावते, जुन्नर तालुक्यातून येते आणि पुढे घोड नदीला मिळते. पावसाळ्यात पुराबरोबर दगडगोटे वाहत येतात. कातळात जिथे फट असते, जिथे दगड जरा कच्चा असतो, तिथे एखादा गोटा अडकतो. पाण्याचा भोवरा त्याला गरागरा फिरवतो. गोटा कातळ घासतो आणि स्वतःही झिजतो. तो संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो...

भाचा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. डावा पाय उचलायचा, उजवा ठेवायचा, मग उजवा उचलायचा. ऐकत होता, पण डोळे मिटून. मी म्हटलं, "भाजतंय का रे?" त्याने मान हलवली. तेवढ्यात त्याचे बाबा आले आणि म्हणाले, "असंच आपोआप झालंय ते. चल, सावलीत चल." तो गेला. त्याला नेणं बरोबरच होतं, पोर भाजत होतं. पण सकाळी आठला तो त्याच काठावर पालथा पडून आत डोकावला असता, मी त्याचे पाय धरून ठेवले असते आणि त्याने मला आणखी वीस प्रश्न विचारले असते. सात वर्षांच्या मुलाच्या मनात असा प्रश्न आला, त्याचं उत्तर समोर दगडात कोरलेलं होतं, आणि ते उत्तर आम्ही त्याला पूर्ण देऊ शकलो नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. मिसळ आणि दोनदा चहा यांच्यापायी ते झालं.

खळगे बघायलाही बाराची वेळ सगळ्यात वाईट. हे छायाचित्रं काढणारा कोणीही सांगेल. सकाळचं तिरपं ऊन आत शिरतं तेव्हा एका बाजूची भिंत उजळते, दुसरी सावलीत राहते, म्हणून खोली कळते. भिंतीवर भोवऱ्याने घासलेल्या वळणदार खाचा दिसतात. काही खळग्यांचं पोट तोंडापेक्षा रुंद असतं, काहींच्या मधली भिंत झिजून दोघांचा एक झालेला असतो, तळाशी गुळगुळीत गोटे असतात. भर दुपारी यातलं काही दिसत नाही. कातळ सगळा सपाट, चकाकता होतो आणि माणूस डोळे बारीक करून म्हणतो, "बरं, खड्डे आहेत." दीर नेमकं हेच म्हणाले. त्यांनी बघितलं ते तेवढंच होतं.

त्या उजेडात मग ग्रुप फोटो काढायचा ठरला. सगळ्यांना काठावर ओळीत उभं केलं. वरून येणाऱ्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि डोळ्यांच्या जागी काळे डाग येतात. त्यामुळे पहिला फोटो पसंत पडला नाही. दुसऱ्यात कोणी डोळे मिटले होते. तिसरा दुसऱ्या मोबाइलवर, कारण "माझ्यात चांगला येतो". मग फक्त बायका, मग फक्त पुरुष, मग आजी-आजोबा आणि नातवंडं. या सगळ्या वेळात सासरे काठी टेकून उन्हात उभे होते, कारण त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, आणि ते स्वतःहून म्हणत नाहीत. वयस्कर माणसाला तहानेची जाणीव कमी होते. त्यांना विचारलं तर ते नको म्हणतात. न विचारता पेला हातात द्यावा लागतो. मी पन्ह्याचा पेला नेऊन दिला. "फोटो होऊ दे," असं मला सांगण्यात आलं. मी फोटोच्या मध्ये जाऊन पेला दिला आणि त्याचं मला काही वाटलं नाही. काठाजवळचा कातळ पाण्याने घासून गुळगुळीत झालेला असतो आणि खाली पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही. तिथे पाठ करून, मागे मागे सरकत फोटोसाठी उभं राहणं धोक्याचं आहे. हेही मी बोलले.

फोटो झाल्यावर सासरे म्हणाले, "मी गाडीत बसतो, तुम्ही बघून या." हे वाक्य प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतं आणि बाकीच्यांना ते सोयीचं वाटतं. उन्हात उभी असलेली बंद गाडी दहा मिनिटांत दहा-एक अंशांनी तापते, काच थोडी उघडी ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. एसी चालू ठेवायचा तर तासभर उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं आणि त्याची गरम हवा शेजारच्या गाडीतल्यांच्या तोंडावर सोडायची. म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला गाडीत बसवून जाऊ नये. मी सासऱ्यांना देवळाच्या सावलीत बसवलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिले. तेवढा वेळ त्या दिवसातला चांगला गेला. त्यांनी मला त्यांच्या लहानपणीच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगितल्या.

आता एक गोष्ट जरा सविस्तर लिहिते, कारण ती छोटी समजली जाते आणि छोटी नाही. आमच्या घरातल्या बायका त्या दिवशी पाणीच पीत नव्हत्या. बाटल्या होत्या, गार पाणी होतं. नणंद एक घोट घ्यायची आणि झाकण लावायची. जाऊबाई नुसत्या ओठ ओले करत होत्या. कारण कोणी उघड बोललं नाही, पण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पाणी प्यायलं की जायची वेळ येणार, आणि जायचं कुठे? उन्हाळ्यात, काळ्या कातळावर, घाम गळत असताना, घरातल्या निम्म्या माणसांनी तहान मारत दिवस काढायचा आणि पुरुषांना त्याचा पत्ताही नसावा, हे मला सहन होत नाही. पुरुष आडोशाला जाऊन येतात. संध्याकाळी बायकांचं डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि म्हणतात, "ऊन बाधलं." ऊन नाही, पाणी न पिणं बाधलं.

येताना आम्ही एका पेट्रोल पंपावर थांबलो. पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, तेल घेतलं नाही तरी. स्वच्छतागृहाला कुलूप होतं. पोऱ्या म्हणाला, किल्ली साहेबांकडे आहे आणि साहेब जेवायला गेलेत. मी म्हटलं, त्यांना फोन कर. तो हसला. मी हसले नाही. दहा मिनिटांनी किल्ली आली. आत पाणी नव्हतं. बाटलीतलं नेलं. जावई गाडीतून विचारत होते, "झालं का? किती वेळ?" सकाळी त्यांच्यासाठी थांबलो होतो, तेव्हा हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

निसर्ग बघायच्या जागांवर काय असावं, याबद्दल माझं मागणं फार नाही. एक स्वच्छ, पाणी असलेलं आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. पिण्याच्या पाण्याचा नळ. बसायला दोन-चार झाडं. कडुलिंब किंवा करंज लावला तर दहा वर्षांत सावली होते. आणि एक पाटी. अशा ठिकाणी पाट्या पुष्कळ दिसतात, त्यांवर काम कोणाच्या निधीतून झालं आणि कोणाच्या हस्ते झालं ते मोठ्या अक्षरांत असतं. समोरचा दगड असा का झाला, नदी कुठून आली, पाणी किती खोल आहे, पावसाळ्यात इथे का उतरू नये, हे मराठीत दहा ओळींत लिहिलेली पाटी मला हवी आहे. भाच्यासारख्या मुलाला ती वाचून दाखवता येईल. दहा ओळींना फार पैसे लागत नाहीत.

आणि खळग्यांत कचरा टाकणाऱ्यांना तर मी माफ करत नाही. एका खळग्याच्या तळाशी वेफर्सची रिकामी पाकिटं आणि पाण्याची चेपलेली बाटली पडलेली होती. नदीला तो खळगा करायला किती पूर लागले असतील याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही, आणि एवढ्या कष्टाने झालेल्या जागेत माणूस पाकीट टाकून निघून जातो. हात पोचत होता म्हणून मी ते काढलं. आमच्यातल्या एका मुलाने दुसऱ्या खळग्यात दगड मारायला सुरुवात केली, त्याला मी थांबवलं तर त्याची आई म्हणाली, "खेळू दे ना, सुटीच आहे." सुटी म्हणजे तिथे परवानगी आहे असं नाही. मी त्याचा हात धरला आणि दगड खाली ठेवायला लावला.

दोन वाजता डबा उघडला. भात आंबला होता. तो टाकताना मला काय वाटलं ते लिहीत नाही. धपाटे आणि दशम्या खाल्ल्या सगळ्यांनी, आणि "किती छान झालेत" असंही म्हणाले.

मग परतीच्या वाटेवर मोराची चिंचोली. तेही सकाळच्यासाठी ठरलेलं होतं. मोर पहाटे आणि सकाळी लवकर शेतांत दाणे टिपायला उतरतात, आणि मग संध्याकाळी. दुपारी ते झाडीत सावलीला असतात, कारण त्यांनाही ऊन लागतं. आम्ही चार वाजता पोचलो. मुलांनी विचारलं, "मोर कुठेत?" एक आवाज लांबून आला, मोर दिसला नाही. सहापर्यंत थांबलो असतो तर दिसला असता. तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम घाई झाली, कारण वाघोलीची कोंडी लागेल. सकाळी नसलेली घाई संध्याकाळी कुठून येते, हे मला कळत नाही. सकाळी घाई केली असती तर मोरही दिसले असते आणि वाघोलीही लागली नसती.

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. भाच्याला ताप नव्हता पण मलूल झाला होता. त्याला मीठ-साखरेचं पाणी करून दिलं: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. थोडं थोडं, घोट घोट. एवढं प्रत्येक घरात पाठ असलं पाहिजे आणि सहलीला निघताना साखर-मिठाची पुडी पिशवीत असली पाहिजे. जावई म्हणाले, "उन्हाळ्यात निघोज म्हणजे चुकीचं ठिकाण." दीर म्हणाले, "हो, पुढच्या वेळी हिवाळ्यात जाऊ." ठिकाण चुकीचं नव्हतं. मी हे तेव्हाही म्हटलं आणि इथेही म्हणते. कुकडीचं पाणी, कातळ, देवी, मोर, सगळं आपापल्या जागी आणि आपापल्या वेळेला होतं. वेळ आम्ही पाळली नाही.

म्हणून या मेमध्ये कोणी घरच्यांना घेऊन निघणार असेल, निघोजला किंवा कुठल्याही उघड्या जागी, तर माझं सांगणं ऐकावं. पेट्रोल आणि हवा आदल्या संध्याकाळी. चहा थर्मासमध्ये, गाडीत प्यावा. साडेपाचला निघावं, पुण्यात मेमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, उजाडताना गाडी वाघोलीच्या पुढे असावी. देवदर्शन परतीच्या वाटेवर. नाश्ता डब्यातला. टोपी प्रत्येकाला, बूट प्रत्येकाला. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी शोधून ठेवावं आणि बायकांनी पोटभर पाणी प्यावं. दहाला तिथून निघावं, एकच्या आत घरी यावं, पंख्याखाली जेवावं आणि दुपारी झोपावं. जावई झोपलेले असतील तर हाक मारून उठवावं. ते रागावणार नाहीत, आणि रागावले तरी आठ वाजता नदीकाठी पोचल्यावर त्यांचा राग जाईल.